पुतळामावशीची जागा

पुतळामावशीला एका जागी स्वस्थ बसलेली मी आजवर पाहिलेली नाही. नाव पुतळा, आणि बाई अशी की रिक्षाची वाट बघतानासुद्धा रस्त्याच्या कडेने येरझाऱ्या घालणार. चहाचा कप हातात दिला तर तो अंगणात फिरत पिणार. समोर मी तिला अहो-जाहो करते, पण लिहिताना ते जमत नाही, कारण एवढं मानाने लिहीपर्यंत ती उठून निघून गेलेली असते. माझ्या कामात तर बसण्याशिवाय दुसरं काही नसतं, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं.

माझं काम म्हणजे सहभागी कृती संशोधन. हे ऐकून माझ्या आईने कराडहून फोनवर विचारलं होतं, "मनाली, म्हणजे तू नक्की करतेस काय?" नाव भारदस्त आहे, गोष्ट सोपी आहे. एरवी बाहेरचा माणूस गावात येतो, प्रश्न विचारतो, उत्तरं घेऊन जातो, आणि त्या उत्तरांचं पुढे काय झालं ते गावाला कधीच कळत नाही. आमच्यात ज्यांचा प्रश्न तेच संशोधक. कशाचा शोध घ्यायचा ते त्यांनी ठरवायचं, माहिती त्यांनी जमवायची, त्यावर काहीतरी त्यांनीच करायचं, आणि केल्यावर पुन्हा जमून बघायचं की काय साधलं नि काय बिघडलं. आम्ही कॉलेजवाल्यांनी सोबत राहायचं, हुकूम सोडायचे नाहीत. निदान पुस्तकात तसं आहे. प्रत्यक्षात मी चटया झटकत आणि दारोदार "चला हो, मीटिंग आहे" असं ओरडत फिरत होते.

गाव जासईच्या अलीकडचा एक पाडा. त्याचं नाव लिहायचं नाही असं बायकांनीच ठरवलंय, म्हणून लिहीत नाही. मी राहते द्रोणागिरीत, स्कूटीवर तिथून फार लांब नाही. एका बाजूला न्हावा शेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर, दुसऱ्या बाजूला कंटेनरचे ढीग, आणि मध्ये हा पाडा. शेती कधीच प्रकल्पात गेली. घरं दुमजली झाली, वरच्या खोल्या भाड्याने गेल्या. मावशीचा मुलगा प्रीतम एका गोदामात सुपरवायझर आहे, सून सुचिता कस्टमच्या एजंटकडे कॉम्प्युटरवर बसते. घरात फ्रिज आहे, एसी आहे, कशाला म्हणून कमी नाही. आणि तरी ओहोटी लागली की ही बाई लुगडं वर खोचून, हातात लोखंडी आकडा घेऊन, चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जाणार.

"आई, लोकं मला हसतात," प्रीतम म्हणायचा. "घरात बसून खा ना."

"बसून खायाला मी काय आजारी हाय?" एवढं बोलून ती गेलेली असायची.

मावशीचं माहेर मिठागरातलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने थोरल्या सुनेला, गोजराबायला, खाडीत बरोबर नेलं आणि आपली चिंबोऱ्यांची जागा दाखवली. धाकटीला नेलं नाही. का, ते सासूच जाणे. मावशी म्हणते, "मी मिठाची पोर. तिला वाटलं हिला चिखल काय कलनार." मग ही एकटी हिंडली. खारफुटीतल्या कोणत्या तिवराच्या मुळाशी बीळ आहे, त्यातलं कोणतं रिकामं, कोणत्यात आकडा घातला की आतून धरल्यासारखा लागतो, हे बोटं फोडून घेत शिकली. पहिली काही वर्षं तिची पाटी रिकामी यायची आणि शेजारच्या चुलीवर गोजराबायचं कालवण शिजायचं. त्या वासाने रडू यायचं, हे तिने मला सरळ सांगितलंय. मग एकदा तिला तिची जागा सापडली. बीळ मोडायचं नाही, चिंबोरी आकड्याने अलगद ओढून काढायची, म्हणजे थोड्या दिवसांनी त्याच बिळात दुसरी चिंबोरी येऊन राहते. अशी जपलेली जागा वर्षानुवर्षं देते. शेत सासरचं होतं, घर नवऱ्याचं, आता मुलाचं. ही जागा तेवढी तिची स्वतःची.

पहिल्या मीटिंगला आमच्या दिलीप सरांना वाटलं होतं की बायका नोकऱ्यांचा नाहीतर पाण्याचा प्रश्न काढतील. बायकांनी भिंत काढली. गावाच्या खालच्या अंगाला एका कंपनीने गोदामासाठी जागा घेतली होती आणि तिला चारी बाजूंनी भिंत घालायची होती. भिंत झाली की जुन्या बांधावरून धाकट्या खाडीकडे उतरणारी वाट बंद. मोठी खाडी राहिली असती, पण तिथे पाण्यावर तेलाचा तवंग असतो आणि चिंबोरीला रॉकेलचा वास येतो, हे बाजारातलं गिऱ्हाईकसुद्धा ओळखतं. धाकटी खाडी गेली की या बायकांचं खाडीत जाणंच संपलं. ग्रामसभेत भिंतीच्या परवानगीचा विषय येणार होता. त्याआधी आपण खाडी कशी वापरतो ते बायकांनी स्वतःच मांडायचं ठरलं.

मला तर आनंदाचं भरतं आलं. समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीने गाव काढलं, बांध काढला, दोन्ही खाड्या काढल्या. मग प्रत्येकीने आपण जिथे चिंबोऱ्या धरतो तिथे शिंपला ठेवायचा. बायका एकेक करून उठल्या, शिंपले ठेवून आल्या. हसत होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मावशीने तर फिरता फिरताच वाकून शिंपला टाकला आणि दारात जाऊन उभी राहिली. मी फोटो काढले, त्यावरून मोठा तक्ता केला, बायकांनी त्याखाली सह्या-अंगठे केले आणि तक्ता ग्रामपंचायतीत दिला. दिलीप सर म्हणाले, "छान सहभाग आहे." मी हुरळून गेले.

ग्रामसभेत कंपनीतर्फे एक तरुण साहेब आले होते. उद्धट वगैरे नव्हते, उलट फार नम्र. त्यांनी तो तक्ता शांतपणे बघितला आणि सरपंचांना म्हणाले, "ताईंनी फार मेहनत घेतलीय. पण यात बघा, सगळे शिंपले मोठ्या खाडीत आहेत. धाकट्या खाडीत एकही नाही. मग आमच्या भिंतीने कुणाचं काय अडतंय?"

मी तक्त्याकडे पाहिलं. खरंच एकही नव्हता. मी तो स्वतः रंगवला होता, आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी बायकांकडे बघितलं, त्या सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. सरपंच म्हणाले, "पुढच्या सभेत ठरवू. त्याआधी आपण सगळे जाऊन जागा पाहू." तेवढीच सवड मिळाली.

बाहेर आल्यावर सुचिताने मला गाठलं. ती हसू दाबत होती. "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका, पण तुम्ही ते शिंपले खरे धरले? खाडीत जाणारी बाई कधी आपली खरी जागा सांगते का? आमच्या सासूबाई अजून मला सांगत नाहीत. गोजराकाकी नि त्या एका भिंतीला भिंत लावून राहतात, पण एक जण निघाली की दुसरी घरात थांबते. ती कुठल्या बाजूला वळली ते बघायचं नाही, असा नेमच आहे."

म्हणजे माझ्या देखत, त्या फरशीवर, प्रत्येकीने दुसरीला चुकवायला शिंपला लांब नेऊन ठेवला होता. आणि सगळ्याच धाकट्या खाडीत जात असल्यामुळे सगळ्यांनी मिळून मोठी खाडी भरली होती. एकीने जरी खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मला इतका राग आला की स्कूटीची चावी लागेना. दिलीप सरांना फोन केला तर म्हणाले, "मनाली, हाही निष्कर्षच आहे." म्हटलं, "सर, हा निष्कर्ष त्या भिंतीत चिणतील उद्या." आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात मला झोप लागेना. आमच्या खिडकीतून रस्त्यावरच्या ट्रेलरचे दिवे दिसतात, ते बघत मी मनातल्या मनात बायकांशी भांडत होते. पुन्हा मीटिंग घेतली. पुन्हा रांगोळी काढली. शिंपल्यांची टोपली मध्ये ठेवली. एकही बाई उठेना.

"वाट दावतू ना आमी," गोजराबाय म्हणाली. "धाकट्या खाडीत जातू, बस. कुठं जातू ते कनाला पायजे?"

"काकी, ते साहेब विचारणार. तुम्ही एकदा लिहून दिलंत की तिथे कोणी जात नाही."

"आमी लिवलं? तुमीच लिवलं. आमी शिंपले ठेवले."

खरंच होतं. बाकीच्या बायका एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या होत्या. एक म्हणाली, जागा सांगितली तर उद्या हिची सून तिथे येईल. दुसरी म्हणाली, तुझी सून नाही का येणार. आवाज चढले. वर्षभरात जमलेला गट माझ्यासमोर उसवत होता आणि मी मूर्खासारखी टोपली धरून बसले होते. मावशी मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली. शेवटी मीच ओरडले, "मावशी, जरा थांबा हो, चक्कर येतेय मला." ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर निघून गेली.

जागा बघायचा दिवस ओहोटी धरून ठरवला होता. अमावास्या जवळ आलेली, चिंबोऱ्या भरलेल्या असतात तो काळ. सरपंच, पंचायतीचे दोघे-तिघे, कंपनीचे साहेब आणि आम्ही सगळ्या जुन्या बांधावर उभ्या. ऊन कललं होतं. खाली धाकटी खाडी उघडी पडली होती, तिवरांची मुळं वर आलेली, आणि चिखल अगदी गुळगुळीत. आदल्या भरतीने सगळी पावलं पुसून टाकलेली.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "इथे तर कोणी आल्याची खूणच नाही. मी अविश्वास दाखवत नाही, ताई. पण मला वर रिपोर्ट द्यायचाय. कोणीतरी एक जण उतरून दाखवा, इथे मिळतात म्हणून."

सरपंच म्हणाले, "हां, उतरा कोणीतरी. दाखवा."

कोणी हलेना. मी गोजराबायकडे बघितलं, तिने पदर दातात धरला होता. खाली उतरून भलत्याच ठिकाणी आकडा घालायचा तर हात रिकामा येणार आणि साहेबांचंच खरं ठरणार. हमखास मिळायला हवी तर आपल्याच जागी जायला हवं, आणि तेही वर उभ्या असलेल्या साऱ्या बायकांच्या देखत. हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. त्या मघापासून कशाला घाबरत होत्या ते कळलं. मला वाटलं सांगावं, साहेब, राहू दे, घाला भिंत.

मावशी बांधावर पाय बदलत उभी होती. एकदा डावीकडे चार पावलं, एकदा उजवीकडे. मग तिने लुगडं खोचलं, शेजारणीच्या हातातला आकडा हिसकावून घेतला आणि बांध उतरली. चिखल पोटरीपर्यंत येत होता, पण ती रस्त्यावरून चालल्यासारखी गेली. एकदाही आजूबाजूला शोधलं नाही. पलीकडच्या वळणावर दोन तिवरं एकमेकांत गुंतली होती, त्यांच्या मुळांखाली ती गुडघ्यावर बसली, हात खांद्यापर्यंत आत घातला. मग हात बाहेर आला तो तळहाताहून मोठी काळीनिळी चिंबोरी घेऊन. तिने ती पायाखाली दाबली, सुतळीने नांग्या बांधल्या आणि वर धरली.

"बगा साहेब!" ती ओरडली. "अजून पायजे?"

शेजारच्याच बिळातून तिने दुसरी काढली. साहेब टाळ्या वाजवत होते. सरपंच हसत होते. बायका टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या दोन गुंतलेल्या तिवरांकडे बघत होत्या, आणि बघू नये असं ठरवूनही त्यांची नजर निघत नव्हती.

पुढचं पटापट झालं. साहेबांनी रिपोर्ट दिला, पंचायतीने अट घातली, आणि भिंतीत बांधाच्या तोंडाशी एक दार ठेवायचं कबूल झालं. दाराला कुलूप नाही. बायका त्यातून ये-जा करतात. भिंत उभी राहिली, ट्रेलर आले, पण खाडी राहिली. कॉलेजात मला शाबासकी मिळाली. दिलीप सरांनी आमच्या गावाचं उदाहरण एका परिषदेत सांगितलं, लोकांना फार आवडलं म्हणे.

आमच्या रीतीप्रमाणे काम झाल्यावर पुन्हा जमायचं असतं. काय साधलं, काय बिघडलं. मी समाजमंदिरात चटया टाकल्या, फोन रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला आणि विचारलं. बायका भराभर बोलल्या. दार मिळालं. सरपंचाने आमचं ऐकलं. आम्हाला बोलायला आलं. मी खूश होऊन मान डोलवत होते.

"मावशी, तुम्ही?"

मावशी खिडकीपाशी होती. ती चालता चालता थांबली.

"माझी जागा गेली," ती म्हणाली. "त्याच अमावास्येला गेली. मी गेले तवा तिथं आधीच पावलं होती. बिलं खनून काडलेली, तिवराची मुलं तोडलेली. आता तिथं चिंबोरी येनार नाय. मी रोज जातंय, रोज नवं कायतरी शोधतंय, पन आता माझं वय नाय गो. डोलं तेवडं चालत नाय." तिने फोनकडे बोट दाखवलं. "हे पन लिव. सगल्यांना वाट गावली, ती माझ्या जागेवर गावली."

कोण गेलं होतं, एक जण की सगळ्याच, हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मला रडू येत होतं आणि स्वतःचा राग येत होता, कारण ही सगळी पद्धत मी गावात आणली होती, आणि तिची किंमत माझ्याकडून कोणी मागितली नव्हती.

गोजराबाय उठली. दोघी जावांचं नीट बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. "पुतला," ती म्हणाली, "मी नव्हते गेले. देवाची आन. पन सासूनं तुला नेली नाय, मना नेली. ते मना तवापासून खातंय. ऐक. माझी जागा कुठं हाय ते सांगतंय." आणि तिने पहिली खूण सांगितलीही, ती मी इथे लिहीत नाही.

मावशीने इतक्या झपाट्याने खोली ओलांडली की दोन बायकांच्या मांडीवर पाय पडला. तिने गोजराबायच्या तोंडावर हात दाबला.

"गप बस! खुली झालीस काय? हितं सगल्या ऐकतात. तुजी पन जाईल."

गोजराबाय हाताखालून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशी हात काढेना. तसाच दाबून धरून तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि कडक आवाजात म्हणाली, "मनाली, तो फोन बंद कर. हिनं सांगितलं तेवडं पन पुसून टाक."

मी पुसलं. पुसून झालेलं तिला दाखवलं, तेव्हा कुठे तिने जावेच्या तोंडावरचा हात काढला.